संध्याकाळची भिंत

बालीगंजच्या त्या जुन्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर जी मोठी खोली होती, तिचं चंद्रकांत बेहेऱ्यांनी घड्याळ करून टाकलं होतं.

म्हणजे असं, की आयुष्यभर जमवलेलं गाणं त्यांनी त्या खोलीच्या भिंतींवर दिवसाच्या क्रमानं मांडलं होतं. दारातून आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला पहाट. तिथे भैरव, रामकली, मग ऊन चढत जावं तशा तोड्या. गल्लीच्या बाजूला दोन उंच खिडक्या होत्या, त्यांच्यामधल्या जागेत दुपार: सारंग आणि मुलतानी. आणि समोरची लांबच लांब, आडवी पसरलेली पश्चिमेची भिंत संध्याकाळ आणि रात्रीची. मारवा, पूरिया, यमन, बागेश्री, मालकंस, दरबारी. लाखेच्या जुन्या तबकड्या, एलपी, स्पूल, कॅसेटी, सगळं जमिनीपासून छतापर्यंत, एकामागे एक अशा दुहेरी ओळीत. पुढे काचेची दारं आणि आत मोत्यांसारखे बारके दिवे.

आता गवयी मंडळी मैफली करणार त्या संध्याकाळी आणि रात्री. पहाटे गाणार कोण, आणि डोळे चोळत ऐकणार कोण? त्यामुळे झालं असं, की पहाटेच्या फळ्यांवर फुलदाणी ठेवायला जागा उरली आणि संध्याकाळच्या भिंतीत एक पोस्टकार्ड घालायचं म्हटलं तरी बोटं अडकत. हाच संग्रह चाळीस वर्षं घरभर पसरलेला होता. पलंगाखाली ट्रंका, जिन्याच्या कोनाड्यात खोकी, माळ्यावर गाठोडी. सगळ्या घरानं थोडा थोडा उचललेला तो भार निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत चंद्रकांतरावांनी खपून, पुसून, रागवार लावून एका खोलीत आणला होता. आणि खोलीतसुद्धा एका भिंतीशी.

"पाहणाऱ्यानं पहाटेपासून चालायला लागावं आणि चालता चालता त्याला दिवस मावळताना दिसावा," असं ते म्हणत. म्हणताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होई. वृंदाताईंना तो चेहरा फार आवडे. म्हणून त्या काही बोलत नसत.

वृंदाताई मूळच्या वाईच्या. वडील कीर्तनकार, त्यामुळे चिपळ्यांच्या आवाजात वाढलेल्या. लग्न होऊन या शहरात आल्या आणि इथल्याच झाल्या. मासळी बाजाराच्या वासाशी जमवून घेतलं, बंगाली शिकल्या, पाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, पूजेत खिचडी वाढायला पदर खोचून उभ्या राहू लागल्या. इथलं कीर्तनही त्यांनी मन लावून ऐकलं. खोल गोडवा आहे त्यात, डोळे आपोआप भरतात. पण मंगलाचरण झाल्यावर उभ्या उभ्या श्रोत्यांकडे बघून मिश्किल हसणारे, रडवता रडवता मध्येच सासवांना कोपरखळी मारणारे, एका पदाचा अर्थ सोलत सोलत गाभ्यापर्यंत नेणारे आपले बुवा इथे कुठले? ती भूक तशीच राहिली. पोट भरलेलं असावं आणि जीभ कशासाठी तरी आसुसलेली असावी, तशी.

चंद्रकांतराव शुद्ध गाण्याचे. "कीर्तन म्हणजे ताटातली चटणी गं," ते म्हणत. "गाणं थोडं, बोलणं फार."

"चटणीशिवाय जेवता का तुम्ही कधी?" वृंदाताई विचारत. विषय तिथेच मिटे.

आणि मग गेल्या दिवाळीत काय मनात आलं कोण जाणे. बिस्किटांच्या डब्यात पडलेल्या सासऱ्यांच्या कीर्तनांच्या कॅसेटी चंद्रकांतरावांनी स्वतः काढल्या, एकेक करून नव्या खोक्यांत भरल्या आणि संध्याकाळच्या भिंतीत, यमनाच्या शेजारी, मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर लावल्या. वृंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघताच ते म्हणाले, "कीर्तनाची वेळ संध्याकाळचीच ना? मग इथेच त्याची जागा. आणि हे बघ, खोली लोकांना दाखवायची तर उद्घाटन कीर्तनानंच करू. नागपूरच्या गौरीताईंना मी फोन केलाय. जानेवारीत येतायत."

वृंदाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

हे एवढं सांगायचं कारण, की पुढे जे दिसत गेलं ते त्यांना दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण जानेवारीतलं ते कीर्तन त्यांच्या आणि त्या दिसण्याच्या मध्ये पडद्यासारखं उभं राहिलं.

पहिल्यांदा दिसली ती कार्डं. संध्याकाळच्या भिंतीपुढे बुटक्या टेबलावर टर्नटेबल होतं. ते किंचित जरी कललं तरी सुई तबकडीच्या एका काठाला घासते, म्हणून चंद्रकांतराव त्यावर गवंड्याकडे असते तशी बुडबुड्याची बारीक लेव्हल ठेवत. बुडबुडा सरकलेला दिसला की टेबलाच्या भिंतीकडच्या पायाखाली आपलं जुनं व्हिजिटिंग कार्ड दुमडून घालत. निवृत्त माणसाला व्हिजिटिंग कार्डांचा तोटा नसतो. बुडबुडा मधे आला की समाधानानं मान हलवत.

केर काढताना वृंदाताईंच्या लक्षात आलं, की कार्डाची वडी झाली आहे आणि वडीची वीट होऊ घातली आहे.

"अहो, हे रोज काय घालता?"

"लाकूड फुगतं. इथली हवा."

"एकाच बाजूचं फुगतं?"

"वृंदा, तू तुझी भाजी बघ बरं."

मग समई. उद्घाटनाला लागणार म्हणून वृंदाताईंनी ती घासूनपुसून त्या खोलीत आणून ठेवली आणि तेल घालून बघितलं. तेल पश्चिमेकडे जाऊन बसलं. पूर्वेकडची वात कोरडी राहिली. वृंदाताईंनी समई उचलली, पदरानं पुसली आणि देवघरात परत नेऊन ठेवली. तिथे तेल सरळ राहिलं. त्या दिवशी त्यांनी जप नेहमीपेक्षा जास्त केला, पण ओठच हलत राहिले.

अधूनमधून दुपारच्या शांततेत जमिनीतून एक आवाज येई. मोठा नव्हे. म्हाताऱ्या माणसानं उठताना गुडघा वाजवावा, तेवढाच. चंद्रकांतराव तेव्हा कानाला हेडफोन लावून बसलेले असत.

कीर्तनाचा रविवार उजाडला. सकाळी वृंदाताई गुळाच्या पोळ्या घेऊन खालच्या मजल्यावर गेल्या. खाली बीणा मासीमा राहत. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पाय गेलेले, जीभ मात्र पळती. मुलगा परदेशी. सकाळ-संध्याकाळ आया येई. मासीमांचा पलंग बरोबर वरच्या मोठ्या खोलीखाली होता.

दार उघडेना. आतून आया ओरडली, "जोरात ढकला, काकीमा! कालपासून असंच रुसलंय."

वृंदाताईंनी कंबर लावून ढकललं. चौकटीनं दाराला वरून दाबून धरलं होतं. जेमतेम आत शिरता येईल एवढी फट झाली.

"ये गं बोउमा," मासीमा मशारीच्या, म्हणजे मच्छरदाणीच्या, आतून म्हणाल्या. त्या बंगालीतच बोलत, आणि वृंदाताईंना सूनच म्हणत. "तुझा नवरा मला गाणं ऐकवायचा ते थांबला वाटतं. हल्ली नुसतं गाण्याचं पीठ पाठवतो."

"पीठ?"

मासीमांनी बोट वर केलं. मच्छरदाणीचं छत झोळीसारखं खाली आलं होतं. त्यात पांढरी भुकटी होती, चुन्याचे पापुद्रे होते, आणि मधोमध तळहाताएवढं एक ढेकूळ. वृंदाताईंनी वर बघितलं. छताला पेलणाऱ्या जुन्या लोखंडी तुळया एकीशेजारी एक गेल्या होत्या. पलंगावरच्या तुळईखालचा गिलावा सोलून निघाला होता. लोखंड दिसत होतं, पापडासारखं पदरापदरानं सुटलेलं. आणि तुळई सरळ नव्हती. तिच्या पोटाला बाक आला होता.

"आया रोज झटकते," मासीमा म्हणाल्या. "मी म्हटलं राहू दे. जास्त झालं की तुझ्या त्या चांदोला दाखवीन, म्हणजे लाजेल तरी. काय गं, चेहरा का पडला तुझा? पोळी दे. गुळाची आहे ना?"

वृंदाताईंनी पोळी दिली. मासीमा खाताना वर बघत नव्हत्या. वृंदाताईंची नजर खाली येत नव्हती.

"मासीमा, आज दुपारी तुम्ही माझ्या देवघरात चला. वर. खुर्चीवरून उचलून नेतील सगळे."

"आणि तुमचे ते पाहुणे माझा हाडांचा सापळा बघणार? मी इथूनच ऐकते. वरून येतं सगळं. आणि मराठी मला कुठे कळतं? सूर कळतो, तेवढा पुरे."

वर आल्या तेव्हा चंद्रकांतराव काचा पुसत होते. उन्मेषही आला होता. हा गार्डन रीचच्या बाजूला जहाजं बांधण्याच्या कामात असलेला तरुण इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीहून आलेला, रविवारी मराठी जेवण मिळतं म्हणून बेहेऱ्यांकडे येणारा. माइकच्या वायरी सोडवत तो भिंतीकडे बघत होता.

"काका, एक बोलू? जहाजात असा सगळा माल एका कुशीला रचला असता ना, तर आम्हाला घरी बसवलं असतं."

"हे जहाज नाही रे, उन्मेष. घर आहे. शंभर वर्षं उभंय."

"उभं राहून राहूनच दमतात, काका." तो हसला, पण टाचेनं जमीन चाचपत होता. "उद्या कुणाला तरी दाखवून घ्या. खरंच."

"उद्या दाखवू," चंद्रकांतराव म्हणाले.

वृंदाताईंनी त्यांना बाजूला, देवघरात नेलं. खालचं सगळं सांगितलं. मशारी, तुळई, दार.

"आजच सांगायचं होतं तुला हे?"

"आजच बघितलं मी."

"मग काय करू म्हणतेस? लोक चारला येतील. गौरीताई स्नान करून तयार बसल्यात."

"निम्म्या तबकड्या तरी पलीकडच्या भिंतीला हलवू."

"पहाटेच्या?" त्यांचा आवाज चढला. "पूरिया पहाटेशेजारी लावू? मालकंस स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांवर? दोन वर्षं मी काय केलं मग? आज लोक येऊन विचारणार, बेहेरे, तुमच्याकडे सूर्य कुठे मावळतो? काय सांगू?" मग एकदम मऊ होऊन म्हणाले, "उद्या, वृंदा. शप्पथ. उद्या सकाळी पहिलं काम. आज कीर्तन ऐक. किती वर्षं वाट बघितलीस."

इथे वृंदाताईंनी अडून बसायला हवं होतं. त्यांनाही ते कळत होतं. पण पलीकडच्या खोलीत गौरीताईंनी पेटीवर स्वर धरला आणि गळा साफ करत सहज एक ओळ गुणगुणली. वृंदाताईंच्या अंगावर काटा आला. वाईच्या घाटावरचा गार वारा आला, वडिलांच्या उपरण्याचा वास आला. त्या म्हणाल्या, "बरं. उद्या."

चारच्या सुमारास माणसं आली. एस्प्लनेडच्या ऑफिसांतली, आयटीतली, तीन पिढ्या इथेच असलेली, मुलं मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की लाजणारी. खोली भरली. सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. उशिरा आलेले भिंतींना टेकून उभे राहिले. आणि टेकायला सगळ्यांना हवी होती ती दिव्यांची, संध्याकाळची भिंत. गौरीताईही तिच्याच पुढे उभ्या राहिल्या. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात चिपळ्या. मागे काचेत शेकडो तबकड्यांचे कडे चमकत होते.

"चंद्रकांतकाकांनी माझ्यामागे एवढे मोठे मोठे गवयी उभे केलेत," गौरीताईंनी सुरुवातीलाच हात जोडले, "की चुकले तर पाठीत धपाटा बसायचा." खोली हसली.

पूर्वरंग असा रंगला म्हणता! विषय होता, आपलं म्हणून जे धरून ठेवतो त्याचा. गौरीताई एका पदातला एकच शब्द घेत, त्याला सुरात बुडवत, बाहेर काढून श्रोत्यांपुढे धरत. आता हसवलं, आता गप्प केलं. वृंदाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि पहिला काही वेळ त्या खरोखर विसरल्या. देवानं माणसाला कान दिले ते यासाठी, असं त्यांना वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं सुचत नव्हतं.

मग नामाचा गजर सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. लय चढली. गौरीताई तालावर पुढे-मागे होऊ लागल्या. उभी असलेली मंडळी डुलू लागली, टाचा वाजू लागल्या.

आणि वृंदाताईंना बसल्या जागी, मांड्यांखाली, जमीन श्वास घेताना जाणवली.

टाळी पडली की जमीन खाली जाई. टाळी उठली की वर येई. पण दर वेळी वर येताना जराशी कमीच येत होती.

त्यांनी टर्नटेबलकडे बघितलं. लेव्हल त्यावरच होती. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला होता, आणि ताल कितीही चढला तरी तो हलत नव्हता. काचेच्या दारांपैकी एक, यमनाचं, आपोआप उघडून बाहेर झुललं. एका बाईनं हसत ते लोटून दिलं. ते पुन्हा उघडलं.

मासीमा खाली आहेत. मशारीत. पाय गेलेले. दार रुसलेलं.

गजर थांबला. पूर्वरंग संपला. आता रीत अशी, की मध्यंतरात यजमानीण पुढे होते, कीर्तनकाराला बुक्का लावते, हार घालते, सगळे नमस्कार करायला एकेक करून पुढे येतात. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. चंद्रकांतराव उठून उत्साहानं म्हणाले, "नमस्काराला आलात की जाता जाता सगळ्यांनी भिंत बघून घ्या. मारव्यापासून सुरू करा. पुढे या, पुढे या!"

चाळीस-पन्नास माणसं एकदम उठायच्या बेतात होती. एकाच भिंतीकडे.

कीर्तनात मध्येच विघ्न आणणं म्हणजे वृंदाताईंच्या लेखी देवाच्या तोंडावर दार आपटणं. लहानपणी कीर्तनात शिंक आली तर त्या तोंडात पदर कोंबत. त्या उठल्या. बुक्क्याची वाटी घेतली, पुढे गेल्या. गौरीताईंच्या कपाळाला त्यांनी बोट लावलं.

"ताई," त्या कानाशी लागून म्हणाल्या, "जमीन बसतेय. खाली एक म्हातारी झोपलीय. सगळ्यांना बाहेर न्या. पण कुणी पळता कामा नये."

गौरीताईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षं श्रोत्यांचे चेहरे वाचलेली बाई ती. त्यांनी पायाखाली एकदा हळूच दाब देऊन बघितला. हसू तसंच ठेवून त्या माइकशी आल्या.

"मंडळी, बसा. सगळे बसा. नमस्कार नंतर. आता एक नवीन गंमत करू या. मघाशी गळ्यानं नाम घेतलं, आता पायांनी घ्यायचं. घरात तान्हं बाळ आत्ताच झोपलंय, अशा पावलांनी. आवाज झाला की नाम बाटलं! दाराजवळचे पहिले. एकेक. जिना उतरायचा, गल्ली ओलांडायची आणि समोरच्या क्लबात जमायचं. उत्तररंग तिथे. भिंतीला टेकलेल्यांनी भिंत सोडा बाळांनो, तिला झोप लागलीय. बोलेल तो घरी जाईल!"

कुणी हसलं, कुणी 'हे काय नवीन' असं पुटपुटलं. पण त्यांच्या आवाजाला नाही म्हणणारा कुणी नव्हता. ओठ हलवत, चपला हातात घेत, माणसं एकेक करून बाहेर जाऊ लागली. पन्नास माणसं आणि एक आवाज नाही. त्या शांततेत जमिनीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग कुणी हसलं नाही.

"वृंदा, काय चालवलंयस हे?" चंद्रकांतराव रागानं लाल झाले होते. "लोकांनी बघितलंसुद्धा नाही!"

"उन्मेष," वृंदाताई म्हणाल्या, "तू खाली जा. मासीमांचं दार बघ. ठोकू नकोस फक्त."

उन्मेष एका शब्दानं काही न विचारता गेला.

खोलीत दोघंच उरली. चंद्रकांतराव सवयीनं टर्नटेबलशी गेले. बुडबुडा बघितला. त्यांचा हात खिशात गेला, एक कार्ड काढलं, दुमडलं. वाकले. टेबलाच्या पायाखालच्या विटेकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. वृंदाताईंना त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ एकदम म्हातारी झाली.

कार्ड हातातच ठेवून ते उभे राहिले. "चल," म्हणाले.

खाली दार पूर्ण बसलं होतं. आत आया रडत होती. मासीमांचा आवाज मात्र ठणठणीत: "रडतेस काय? छत काय तुझ्या बापाचं आहे?"

दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला जुन्या पद्धतीच्या आडव्या लाकडी पट्ट्या होत्या, उघडझाप होणाऱ्या. उन्मेष त्या एकेक करून खोबणीतून उपसत होता. आदळून फोडणं सोपं होतं, पण प्रत्येक धक्क्याला वरून माती पडत होती. तो पट्टी काढे, मागे देई. चंद्रकांतराव ती घेत आणि फरशीवर अलगद ठेवत, एकीशेजारी एक. कपाळावरून घाम गळत होता. शेवटी मधला दांडा निघाला आणि भोक झालं.

उन्मेष आत शिरला. आयाला आधी बाहेर काढलं. मग चादरीत गुंडाळलेल्या मासीमा आल्या, डोकं आधी. चंद्रकांतरावांनी खांद्यांखाली हात घातले, वृंदाताईंनी कमरेखाली. हलक्या फूल होत्या.

"चांदो," त्यांच्या हातांवर आडव्या होत मासीमा म्हणाल्या, "या घरात पालखीतून आले होते रे. आणि तू मला मांजरासारखी काढतोस."

चंद्रकांतराव म्हणाले, "मासीमा, माझं चुकलं."

"मग नीट धर. कंबर दुखतेय."

उन्मेष भोकातून बाहेर उडी घेण्याआधी त्याच्यामागे पलंगावर काहीतरी धप्पकन पडलं. मशारी चारही दोऱ्यांनिशी खाली बसली होती. काय पडलं ते कुणी वळून बघितलं नाही.

पाड्याच्या क्लबात पोरांनी कॅरमचा बोर्ड उचलून जागा केली होती. कुणी खुर्ची आणली, कुणी शाल. गल्लीच्या दोन्ही टोकांना उन्मेषनं सायकली आडव्या लावून वाट बंद केली आणि महापालिकेला फोन लावला. माणसं येतायत म्हणाले. तोवर आत कुणी जायचं नाही.

आणि वर दिवे चालूच राहिले होते. ते बंद करायला जाणार कोण? अंधार पडत गेला तशी उंच खिडक्यांतून ती भिंत गल्लीतून स्वच्छ दिसू लागली. मारव्यापासून दरबारीपर्यंत, जागच्या जागी, एक तबकडीही न हललेली. ज्यांना बघायची राहिली होती ती मंडळी क्लबच्या पायरीवरून बघत होती.

"गोष्ट अर्धी राहिली ना?" मासीमांनी विचारलं. "त्या हिरव्या साडीवालीला सांगा, पुरी करायला. अर्धी गोष्ट ऐकून मरायचं नाही मला."

वृंदाताईंनी ते गौरीताईंना मराठीत सांगितलं. गौरीताईंनी पदर खोचला, चिपळ्या घेतल्या, आणि कॅरमच्या पावडरीनं पांढऱ्या झालेल्या त्या फरशीवर उत्तररंग उभा केला. नंतर सगळे म्हणत, असं आख्यान जन्मात ऐकलं नाही.

वृंदाताईंनी ते ऐकलं नाही. त्या पायरीवर बसल्या होत्या, तोंड कीर्तनाकडे, कान घराकडे. शेजारी चंद्रकांतराव.

"तुला कधी कळलं?" त्यांनी खिडकीवरची नजर न काढता विचारलं.

"कार्डं वाढायला लागली तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"कीर्तन होतं ना."

हातातलं दुमडलेलं कार्ड त्यांनी उलगडलं, गुडघ्यावर सपाट केलं. "मलाही," ते म्हणाले. "तेव्हाच."

वर, बागेश्रीच्या बाजूचे दिवे एकदम किंचित खाली आले. मग जागीच थांबले.

मागे गौरीताईंनी शेवटचा गजर सुरू केला. सगळा क्लब, कॅरमवाली पोरं, आया, अगदी मासीमासुद्धा टाळ्या वाजवू लागल्या. वृंदाताईंचे हात मांडीवर उघडे पडले होते. चंद्रकांतरावांनी त्यातला एक हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला. त्यांनीही टाळी धरली असती तर घराचा आवाज ऐकायला कुणीच उरलं नसतं.